मोठे इंजिन, अवघड वळण

उसाचा हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा भागातल्या रस्त्यांवर एक दृश्य रोजचेच होते. पुढे ट्रॅक्टर, मागे उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली आणि तिच्या मागे आणखी एक ट्रॉली. एवढे लांबलचक धूड गावातल्या अरुंद चौकातून वळते आणि कारखान्याच्या रस्त्याला लागते. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीत धस्स होते खरे, पण धूड वळते. याच जिल्ह्यात सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. अशा पवनचक्कीचे एकच अखंड पाते घेऊन ट्रेलर चौकात आला, तर वाहतूक थांबवावी लागते, मागच्या चाकांना वेगळी दिशा द्यावी लागते, खांबाला टोक लागू नये म्हणून माणसे आरडाओरडा करत पुढे-मागे धावतात. वजनाचा विचार केला तर उसाच्या ट्रॉल्या काही कमी नाहीत. अडचण होते ती पात्याची, कारण ते सांध्याविना सरळ आणि ताठ असते.

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर चालवणाऱ्यांना हाच प्रश्न रोज पडतो. त्यांच्याकडे चौक नसतो, टेबल असते. हौसेने आणलेले मोठे वाफेचे इंजिन सरळ रुळावर दिमाखात धावते आणि पहिल्याच वळणावर रुळावरून उतरते. अशी चांगली प्रतिकृती हजारो रुपयांची असते, आणि टेबलापासून फरशी तीन फूट खाली. त्यामुळे इंजिन का घसरले, हा प्रश्न विज्ञानाचा तर आहेच, पण खिशाचाही आहे.

हा छंद महाराष्ट्रात पाहायचा तर अहिल्यानगरकरांना फार लांब जावे लागत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या या छंदाला तिथे १९९८ साली कायमचे घर मिळाले. एका शहराची प्रतिकृती, तिच्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, पूल, रात्रीचे दिवे असा तो देखावा मुलांना घेऊन आलेले आईवडीलच मुलांपेक्षा जास्त मन लावून पाहतात. तिथल्या गाड्या ‘एचओ’ या मापाच्या आहेत. म्हणजे खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान. जगभर सर्वाधिक चालणारे माप हेच. यात दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते.

आता थोडा हिशेब करू. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि नगरचे स्टेशन तेव्हापासून या मार्गावर आहे. अशा ब्रॉडगेज मार्गांवर स्वातंत्र्यानंतरची अनेक वर्षे डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या जातींची वाफेची इंजिने धावली. डब्ल्यूपी प्रवासी गाड्यांसाठी, बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या नाकाचे, डब्ल्यूजी मालगाड्यांसाठी. कोळसा-पाण्याच्या टेंडरसह यांची लांबी सुमारे २४ मीटर. ८७ने भागले की साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडे कमी. हे इंजिन टेबलावर सहज मावेल असे वाटते.

पण इंजिन मावते, त्याचे वळण मावत नाही. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र म्हणून मान्य असलेले वळण साधारण १७५ मीटर त्रिज्येचे असते. ८७ने भागले तर ही त्रिज्या दोन मीटर होते. म्हणजे पूर्ण वर्तुळाला चार मीटर रुंद जागा हवी. सावेडीतल्या किंवा केडगावातल्या फ्लॅटची बैठकीची खोली एवढी रुंद असली तरी ती रेल्वेला देऊन टाकायला घरातली मंडळी तयार होणार नाहीत. कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर गच्चीवर दोन मीटर दोरी घेऊन खडूने वर्तुळ काढून पाहावे. ते बहुतेक पाण्याच्या टाकीला जाऊन भिडेल.

म्हणून बाजारात मिळणारे तयार रूळ फारच आखूड त्रिज्येचे असतात. जर्मन कंपनी मेर्कलिनच्या सर्वांत आतल्या वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर आहे, अमेरिकेत १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर त्रिज्या रूढ आहे. चार फूट रुंदीच्या प्लायवुडच्या फळीवर यापेक्षा फार मोठे वळण बसतही नाही. पण ४५७ मिलिमीटरला ८७ने गुणले की खऱ्या जगात चाळीस मीटर होतात. ब्रॉडगेजचे खरे डब्ल्यूजी इंजिन चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणावर घातले, तर ते वळणारच नाही. टेबलावर त्याच्या प्रतिकृतीकडून मात्र आपण तेच मागतो.

वळणावर नेमके काय अडते, हे समजायला बैलगाडीकडे पाहावे. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि कुणाचेच बिघडत नाही. रेल्वेची दोन चाके मात्र आसावर घट्ट ठोकलेली असतात. दोघांना सारखेच फिरावे लागते. रेल्वेने यावर काढलेला तोडगा म्हणजे चाकाचा किंचित निमुळता आकार. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. मग बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर आणि आतले बारीक भागावर चालते. जाड भागाचा परीघ मोठा, त्यामुळे एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापते आणि जोडी आपोआप वळते. चाकाच्या आतल्या अंगाला असलेली उभी कड, जिला फ्लँज म्हणतात, ती खरे तर शेवटची राखणदार आहे. रोजचे वळवण्याचे काम निमुळत्या आकाराने करावे अशी अपेक्षा असते.

टेबलावर ही अपेक्षा मोडते. गाडी काटकोनात वळली की बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब पडतो, याचे उत्तर वळणाच्या त्रिज्येवर अवलंबूनच नसते, ते फक्त दोन रुळांमधल्या अंतरावर ठरते. एचओमध्ये तो फरक सुमारे २६ मिलिमीटर येतो. चार मीटर रुंद वर्तुळावर हा फरक तीन मीटरहून लांब चापावर पसरतो आणि निमुळते चाक त्यातला बराच भाग पचवते. १८ इंची वळणावर तो पाऊण मीटरहून कमी लांबीत पचवावा लागतो. तेवढे चाकाला जमत नाही. मग चाक घसपटते, फ्लँज रुळाला घासते आणि इंजिनाची निम्मी ताकद गाडी ओढण्याऐवजी घासण्यातच जाते. घाटातल्या वळणांवर खऱ्या गाडीच्या चाकांचा कर्कश आवाज येतो, त्यामागे हेच घसपटणे असते.

त्याहून मोठी अडचण वाफेच्या इंजिनाची खास स्वतःची आहे. डिझेल किंवा विजेचे इंजिन आणि प्रवासी डबा हे छोट्या बोग्यांवर बसलेले असतात. बोगी वळते, वरचा सांगाडा तिच्यावर फिरतो. वाफेच्या इंजिनाची तीन, चार किंवा पाच मोठी चाके एकाच ताठ चौकटीत ओळीने बसवलेली आणि बाजूच्या दांड्याने एकमेकांना जखडलेली. ही ओळ म्हणजे पवनचक्कीचे पातेच. वक्र रुळावर सरळ पट्टी ठेवली की पट्टीची दोन टोके रुळावर येतात आणि मधला भाग रुळापासून सुटतो. किती सुटतो, याचे सूत्र शाळेतल्या भूमितीतून निघते: पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट.

समजा, चार जोड्यांच्या एका मालगाडी इंजिनात पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत साठ मिलिमीटर अंतर आहे. १८ इंची वळणावर ३६०० भागिले ३६५६, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. आता चाक आणि रूळ यांच्यात आडवी हालचाल करायला मोकळीक किती? तीही साधारण एक मिलिमीटर, बहुतेक वेळा त्याहून कमीच. म्हणजे हे इंजिन अगदी काठावर पास. पाच जोड्यांचे इंजिन घेतले आणि हे अंतर ऐंशी मिलिमीटर झाले, तर उत्तर पावणेदोन मिलिमीटर येते. अंतर एक तृतीयांशाने वाढले, अडचण पाऊणपटीने वाढली. सूत्रात वर्ग आहे, त्याचा हा झटका. दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन इंजिनांत दोन सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, वळणाला मात्र जाणवतो.

लोकांचा एक समज इथे दुरुस्त करायला हवा. वळणावर गाडी पडली की सगळे म्हणतात, वेग जास्त होता. खऱ्या रेल्वेत वेग हे फार गंभीर कारण आहे. टेबलावर मात्र प्रमाणात चालवलेल्या गाडीला वेगाचा धोका नगण्य असतो. ताशी साठ किलोमीटर हा वेग ८७ने भागला तर सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर होतात. १८ इंची वळणावर या वेगाने बाहेर फेकणारा जोर वजनाच्या एक टक्काही भरत नाही. तेच खरी गाडी १७५ मीटरच्या वळणावर त्याच वेगाने गेली तर तो सोळा टक्क्यांच्या घरात जातो. माप लहान केले की लांबी, वजन, वेग, जोर हे सगळे एकाच पटीत लहान होत नाहीत. म्हणूनच टेबलावर वळणात बाहेरचा रूळ उचलून दिलेला तिरपेपणा बहुतांशी शोभेचा असतो. नातवाने रेग्युलेटर पूर्ण फिरवून गाडी सेकंदाला एक मीटरने सोडली तर गोष्ट वेगळी. तेव्हा तोच जोर वीस टक्क्यांच्या वर जातो आणि इंजिन जमिनीवर येते.

मग मोठे इंजिन आखूड वळणावर चालवायचे कसे? गंमत अशी की हा प्रश्न खेळण्यांच्या आधी डोंगरांनी विचारला होता, आणि त्याचे एक उत्तम उत्तर महाराष्ट्रातच आहे.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ ते माथेरान हा दोन फूट रुंदीचा रेल्वेमार्ग १९०४ साली बांधायला घेतला आणि १९०७ साली तो सुरू झाला. जेमतेम वीस किलोमीटरच्या या मार्गात चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि वळणे इतकी की झाडांमधून आपल्याच गाडीचा शेवटचा डबा दिसतो. चढासाठी ताकद हवी, म्हणजे सगळ्या चाकांना जोर पोहोचायला हवा, म्हणजे चाके दांड्याने जखडायला हवीत. वळणासाठी मात्र चाके सुटी हवीत. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल या कारखान्याने माथेरानसाठी तीन जोड चाकांची इंजिने बांधली, ती क्लिन-लिंडनर नावाच्या आसांवर. या रचनेत टोकाच्या चाकांचा आस पोकळ नळीसारखा असतो आणि त्याच्या आत दुसरा भरीव आस. आतला आस चौकटीत ताठ बसलेला. बाजूचे दांडे त्यालाच फिरवतात. बाहेरची नळी मध्यभागी एका गोलाकार सांध्यावर आतल्या आसाला जोडलेली. त्यामुळे चाके जोर घेतात, फिरतात, आणि तरीही वळणावर थोडी तिरपी होतात व बाजूला सरकतात. खांद्यातल्या उखळीच्या सांध्यासारखी ही योजना. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे यांत्रिक कसब आज तितक्या सहजपणे कुणी पाहत नाही, हे खेदाचे. वाफेच्या इंजिनांसमोर फोटो काढणारे पर्यटक धुराड्याकडे पाहतात. खरी करामत चाकांच्या मधे, सावलीत असते.

अशा मार्गाला किती जपावे लागते, हे माथेरानकरांना चांगले ठाऊक आहे. मे २०१६ मध्ये गाडी लागोपाठ दोनदा रुळांवरून घसरली आणि सेवा दीर्घकाळ बंद राहिली. पुढे २०१९च्या पावसाने नेरळ ते अमन लॉज हा भाग धुऊन नेला. पूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावली ती २०२२च्या ऑक्टोबरात. ज्या गावात मोटारींना प्रवेश नाही, तिथे गाडी बंद म्हणजे हमालापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या रोजीवर गदा.

दुसरे उत्तर म्हणजे उसाच्या ट्रॉलीचे: एक लांब ताठ वस्तू करण्यापेक्षा दोन आखूड वस्तू करा आणि मधे सांधा ठेवा. हर्बर्ट गॅरट या इंग्रज अभियंत्याने याच तत्त्वावर इंजिन रचले. पुढे चाकांचा एक संच, मागे दुसरा, आणि दोघांच्या मधे पुलासारखा टांगलेला बॉयलर. बंगाल-नागपूर रेल्वेने असली प्रचंड गॅरट इंजिने वापरली. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहता येते. आपल्या कसारा आणि बोर घाटांतल्या ‘खेकड्या’चेही तत्त्व तेच. १९२८ पासून आलेली ही विजेची इंजिने मधे खोलीसारखी आणि दोन्ही टोकांना लांब नाकाची होती. नाके आपापल्या चाकांसह स्वतंत्र वळत.  त्याच कुळातल्या स्वित्झर्लंडच्या इंजिनाला तिकडे मगर म्हणतात. मेर्कलिनने केलेली तिची प्रतिकृती अतिशय गाजली, आणि एवढी लांब असूनही ती आखूड वळणावर निमूट फिरते. कारण उघड आहे.

तिसरा उपाय थोडा फसवाफसवीचा वाटेल असा आहे. मधल्या चाकांची फ्लँजच काढून टाकायची. मधली चाके मग रुळावर नुसती टेकतात, बाजूला सरकली तरी अडत नाहीत. ही काही खेळण्यांचीच युक्ती नाही. ब्रिटिश रेल्वेच्या ‘नाइन एफ’ या पाच जोड्यांच्या मालगाडी इंजिनांत मधली चाके खरोखरच बिनफ्लँजची होती. प्रतिकृती बनवणारे यात आणखी एक भर घालतात: आसांना डावी-उजवीकडे सरकायला मिलिमीटर-अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवतात.

पण चाके वळली म्हणजे काम झाले नाही. अमेरिकेच्या ‘बिग बॉय’ या अजस्र इंजिनाची एचओ प्रतिकृती टेंडरसह साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरते. खऱ्या इंजिनात फक्त पुढचा चाकसंच वळतो, प्रतिकृतींत बहुधा दोन्ही वळतात. त्यामुळे यांतल्या काही १८ इंची वळणावरही चालतात. चालतात, पण दिसतात कशा? चाके वळणावर आणि बॉयलरचे नाक सरळ बाहेर, शेजारच्या रुळावर. समोरून गाडी आली तर टक्कर ठरलेली. प्रवासी डब्यांचेही तसेच. आपल्या निळ्या आयसीएफ डब्याची प्रतिकृती साडेचोवीस सेंटिमीटर लांब होते. १८ इंची वळणावर तिचे पोट आठ मिलिमीटर आत आणि टोके साडेआठ मिलिमीटर बाहेर जातात. टेबलावर सिग्नलचा खांब रोवण्याआधी ही मापे घेतली नाहीत तर पहिल्याच फेरीत खांब आडवा. यावर अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा, की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी. आयसीएफ डब्यासाठी म्हणजे पाऊण मीटर. चार फुटी फळीवर ती बसत नाही.

त्यामुळे निवड करावी लागते, आणि ती खरेदीच्या आधी केलेली बरी. जागा कमी असेल तर डब्ल्यूपीचा मोह सोडून छोटी, तीन जोड चाकांची इंजिने घ्यावीत. नाही तर सरळ डोंगरी रेल्वेच करावी. दार्जिलिंगच्या मार्गावरचे सर्वांत अवघड वळण सुमारे १८ मीटर त्रिज्येचे आहे. ८७ने भागले की एकवीस सेंटिमीटर. म्हणजे अख्खे वर्तुळ जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मावते, आणि त्यात काही खोटेही नसते. मोठेच इंजिन हवे असेल तर फळी मधे न ठेवता भिंतींच्या कडेने फिरवावी. खोली तीच, पण वळणाला दुप्पट त्रिज्या मिळते.

आहे त्याच जागेत सुधारणा करायची तर दोन गोष्टींचा फार उपयोग होतो. सरळ रुळातून एकदम वळणात शिरू नये. लाकडाची पातळ लवचीक पट्टी एका टोकाला सरळ धरून वाकवली की ती आपोआप हळूहळू वळत जाते. तीच रेघ पेन्सिलीने उमटवून तिच्यावर रूळ ठोकावा. खऱ्या रेल्वेतही सरळ मार्ग आणि वळण यांच्या मधे असाच हळूहळू वळणारा तुकडा असतो. दुसरे, डावे वळण संपताच उजवे सुरू करू नये. दोघांच्या मधे निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा ठेवावा, नाही तर शेजारचे दोन डबे एकमेकांना विरुद्ध बाजूंना खेचतात आणि हलका डबा उचलला जातो. आणि हो, प्लायवुड पावसाळ्यात फुगते, नगरच्या उन्हाळ्यात आकसते. ऑगस्टमध्ये नीट बसलेला रुळाचा सांधा मार्चमध्ये कडक होतो, वर येतो, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

हा दोष कुणाचा, हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. वीज बंद करावी, चार-पाच वेगवेगळी वाहने घ्यावीत आणि एकेक बोटाने ढकलत वळणावरून अगदी हळू न्यावे. डोळा रुळाच्या पातळीवर ठेवावा. सगळी वाहने एकाच जागी उचलली जात असतील तर तिथला रूळ तपासावा. एकच वाहन ठिकठिकाणी उचलले जात असेल तर त्याची चाके तपासावीत. नंतर इंजिन उलटे करून प्रत्येक आस नखाने डावी-उजवीकडे सरकवून पाहावा. जो हलतच नाही, तिथून कामाला सुरुवात करावी.